कामाला वाकण्याआधी : सकाळच्या वीस मिनिटांचा सौम्य योगाभ्यास

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या मंदिरासमोर पत्र्याचा सभामंडप आहे. तिथे पहाटे बायकांचा योगवर्ग घ्यायला लागले आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. कापूस वेचणीचे दिवस होते. मी शिबिरात जसं शिकले होते त्याच क्रमाने शिकवत होते : पादहस्तासन, जानुशिरासन, पश्चिमोत्तानासन. सगळी पुढे वाकायची आसनं. आठवडाभराने पुढच्या ओळीतल्या एक मावशी वर्ग सुटल्यावर खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, मनी कंबर दुखी ऱ्हायनी." मी विचारलं, दिवसभर काय काम असतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, करूनच दाखवलं. कमरेला कापसाची ओटी बांधली आहे असं समजून त्या पुढे झुकल्या आणि दोन्ही हात बोंडांवर चालवू लागल्या. ओटी भरत जाते तसा तिचा भार कंबर आणखी पुढे ओढतो. असे रोजचे सात-आठ तास. आणि त्याआधी पहाटे उठवून मी त्यांना आणखी वाकवत होते.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. दिवसभराचं काम शरीराला जिकडे वाकवतं, त्याच्या उलट बाजूला सकाळी ते हळूच न्यायचं, एवढंच मी धरून ठेवलं आहे. निंदणीला बसणारी बाई, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर, भाकरी थापणारी सून, गल्ल्यावर बसलेला दुकानदार, संगणकापुढचा कारकून, मोटारसायकलवरून रोज धुळे गाठणारा मुलगा, हे सगळे पुढेच झुकलेले असतात. त्यामुळे खाली सांगितलेला अभ्यास बहुतेकांना चालतो.

सकाळी फार पुढे न वाकण्याला आणखी एक कारण आहे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून घेतात आणि थोड्या फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने जास्त भरते. चकती अशी टच्च भरलेली असताना एकदम कंबरेतून वाकलं तर तिच्यावर ताण जास्त येतो. उठल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास तरी खोल वाकणं टाळावं. अंथरूण गोळा करतानासुद्धा गुडघ्यात वाका, कंबरेत नको.

आमच्या अमळनेरला या विषयाचा जुना धागा आहे. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, त्याआधी अमळनेरात शिकवत होते. आसन करताना शरीरात खरोखर काय घडतं हे क्ष-किरण आणि मोजमापं घेऊन तपासायची वाट त्यांनी दाखवली. आपल्याकडे यंत्रं नाहीत, पण आसन केल्यावर दिवसभर कसं वाटलं हे नोंदवता येतं. महिनाभर एका जुन्या वहीत रोज एक ओळ लिहा. कुठलं आसन तुम्हाला मानवतं हे तीच वही सांगेल.

आधी स्वतःला तपासून घ्या

इथे घाई करू नका. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखणं, कपालभातीसारख्या जोरकस क्रिया आणि डोकं खाली जाईल अशी आसनं नकोत. काचबिंदू असेल तरीही डोकं खाली नेऊ नका. गरोदर बाईने पालथं झोपायची आसनं पूर्ण सोडावीत आणि बाकीचंही डॉक्टरांना विचारूनच करावं. हर्निया किंवा पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल त्यांनीही पालथं झोपू नये. कंबरेतून पायात कळ उतरत असेल, पाय बधिर पडत असेल तर आधी तपासणी. काही वयस्कर माणसांना उभं राहिलं किंवा मागे झुकलं की पायात गोळे येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं. अशांनी या लेखातली मागे झुकायची आसनं करू नयेत. माझा नियम त्यांना लागू नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जवळ गूळ-साखर ठेवावी. उपाशीपोटी हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबून खायचं.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. त्यांना शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी आणि दमछाक या तीन गोष्टी त्रास देतात. त्यांनी आधी पुरेसं पाणी प्यावं, अंगावर उबदार कपडा ठेवावा आणि फक्त बसून-झोपून करायचा भाग करावा. अंग दुखत असेल त्या दिवशी काहीच नको.

वेळ, जागा, कपडे

आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि तासाभरात भिंती तापायला लागतात. म्हणून उन्हाळ्यात अभ्यास उजाडायच्या आतच उरकावा. धाब्यावर किंवा गच्चीवर झोपायची सवय आपल्याकडे आहेच. तिथेच करा, फक्त कठड्यापासून लांब. पुस-माघात मात्र सूर्य सातनंतर उगवतो आणि पारा कधी कधी १० अंशांच्या खाली येतो. तेव्हा घरातच बसा, स्वेटर राहू द्या, सांधे हलवायला दुप्पट वेळ द्या. थंडी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून अभ्यास करू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

खाली जाड गादी नको आणि उघडी फरशीही नको. सतरंजी दुहेरी घडी करून अंथरली की पुरे. शेजारी एक गोधडी किंवा चादर घडी करून ठेवा, ती गुडघ्याखाली आणि बैठकीखाली लागेल. सतरंजी फरशीवर सरकत असेल तर खाली ओलसर फडकं घालू नका, त्याने ती जास्तच घसरते. भिंतीला टेकवून अंथरा. बायका विचारतात, साडीत चालेल का? बसून आणि उभं राहून करायचा भाग साडीत नीट होतो. उताणं पडून पाय उचलायचे असतील तेव्हा सलवार किंवा गाऊनखाली लेगिंग्ज बरी.

प्रातर्विधी उरकून कोमट किंवा साधं पाणी पेलाभर प्या. चहा नंतर. रात्री उशिरा झणझणीत शेवभाजी झाली असेल आणि सकाळी घशाशी आंबट येत असेल तर त्या दिवशी पालथं झोपू नका, बसून श्वासाचा भाग तेवढा करा.

अंथरुणातून उठताना

खरं तर अभ्यास इथूनच सुरू होतो. गजर वाजला की ताडकन उठून बसू नका. उताणं असतानाच दोन्ही हात डोक्यामागे लांब करा, टाचा खाली ढकला, एक जांभई येऊ द्या. मग कुशीवर वळा, वरचा तळवा अंथरुणावर रोवा आणि हाताच्या जोरावर उठा. अर्धा मिनिट पाय सोडून बसा. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब क्षणभर खाली येतो. साठीपुढच्या माणसांना तेवढ्याने चक्कर येऊन पडायला होतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. घरातल्या आजी-आजोबांना योगातलं दुसरं काहीच शिकवता आलं नाही तरी कुशीवर वळून उठणं नक्की शिकवा.

बसून पाच मिनिटं

घडी केलेली गोधडी बैठकीखाली घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहील आणि पाठ आपोआप सरळ होईल. मांडी घालून बसताना गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पण पाठीला टेकून बसू नका आणि तळपाय पूर्ण जमिनीवर ठेवा. डोळे मिटा. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना थोडा जास्त वेळ लावा. घेताना मनात तीन अंक, सोडताना पाच. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून लांब उच्छ्वासाने जीव शांत होतो. असे दहा श्वास पुरेत.

मग पाय पुढे पसरा. पावलं पुढे-मागे दहा वेळा, मग घोट्यातून गोल दोन्हीकडून पाच-पाच. हाताच्या मुठी मिटा-उघडा. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, तेव्हा मुठी सावकाश. मनगटं फिरवा. बोटं खांद्यांवर ठेवून कोपरांनी मोठी वर्तुळं काढा, आधी मागच्या बाजूने आणि जास्त वेळा. मानेचं तेवढं जपून : उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, उजवा कान उजव्या खांद्याकडे, डावा डावीकडे. मान गरागरा फिरवू नका आणि मागे झोकून देऊ नका.

मार्जारासन : इथे थांबून शिका

सगळ्या अभ्यासातलं एकच आसन ठेवायचं असं कुणी म्हटलं तर मी हेच ठेवेन. गुडघ्यांखाली चादरीची घडी घ्या. गुडघे बरोबर कंबरेखाली, तळवे बरोबर खांद्यांखाली. बोटं फाकवून, मधलं बोट समोर. भार तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर टाकू नका, नाहीतर मनगट दुखेल. बोटांची मुळं जमिनीत रोवा, म्हणजे भार विभागला जातो. मनगट मुळातच दुखत असेल तर मुठी टेकवा.

आता श्वास घेत छाती पुढे आणि वर न्या. हनुवटी समोर, पोट सैल खाली. नेमकी चूक इथेच होते. सगळेजण डोकं वर करतात आणि कंबर खाली टाकतात, पण दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधला भाग जागचा हलतच नाही. खरं म्हणजे आखडलेला असतो तोच भाग. म्हणून मी वर्गात प्रत्येकीच्या पाठीवर, फऱ्यांच्या मधोमध, दोन बोटं टेकवते आणि सांगते, "एवढीच जागा खाली जाऊ दे." घरी ते काम मुलगी किंवा सासूबाई करू शकतात. बोटांखाली ती जागा हलल्याचं एकदा कळलं की पुढे मदत लागत नाही.

श्वास सोडत पाठ थोडीशी वर गोल करा, हनुवटी छातीकडे. ही बाजू हलकीच ठेवा, निम्मीच. दिवसभर तेच होणार आहे. असं सहा ते आठ वेळा, श्वास जेवढा लांब तेवढीच हालचाल. संपल्यावर टाचांवर बसा. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी गुडघ्यांवर येऊ नये. त्यांनी खुर्चीत बसून, तळवे मांड्यांवर ठेवून हेच करावं. छाती तशीच उघडते.

उभं राहून तीन मिनिटं

पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवून उभे राहा. भार टाचा आणि चवडे दोन्हींवर सारखा. हाताची बोटं गुंफून तळवे वर करा आणि श्वास घेत उंच व्हा. टाचा उचलायच्या असतील तर भिंतीजवळ उभे राहा. हे ताडासन तीन वेळा. मग तसेच हात ठेवून कंबरेतून आधी उजवीकडे, मग डावीकडे झुका. पुढे कलू नका, दोन भिंतींच्या फटीत उभे आहात असं समजा.

त्यानंतर तळवे कंबरेच्या मागे, बोटं खाली. कोपरं मागे एकमेकांकडे न्या, छाती वर उचला आणि अगदी थोडं मागे झुका. डोकं मागे टाकू नका, नजर समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेवर. तीन श्वास थांबून सरळ या.

पालथं, मग उताणं

पालथं झोपा. कपाळ जमिनीवर, पाय जवळ. तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला लागून. श्वास घेत आधी कपाळ, मग हनुवटी, मग छाती उचला. बेंबी जमिनीवरच राहिली पाहिजे. हात ताठ करून वर चढू नका. तळवे क्षणभर जमिनीवरून उचलून पाहा : छाती तिथेच राहिली तर पाठीच्या स्नायूंनी तोललं आहे आणि ते योग्य. धपकन खाली आली तर तुम्ही हातांनी ढकलत होता, तेव्हा थोडं खाली या. भुजंगासन एवढं छोटंच ठेवायचं. तीन श्वास थांबा, खाली या, गाल टेकवून विश्रांती. असं तीनदा. पायात कळ गेली तर लगेच सोडा.

मग कुशीवरून उताणे व्हा. एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे घ्या, दुसरा पाय दुमडून पाऊल जमिनीवर. चार श्वास, मग दुसरा पाय. यानंतर सेतुबंधासन : दोन्ही गुडघे दुमडून पावलं बैठकीजवळ, कंबरेएवढ्या अंतरावर. श्वास सोडत पावलं जमिनीत दाबा आणि कंबर हळूहळू वर उचला. गुडघे बाहेर फाकू देऊ नका. वर असताना मान उजवी-डावीकडे वळवायची नाही, हे मी प्रत्येक वर्गात पुन्हा पुन्हा सांगते, कारण कुणी हाक मारली की मान वळतेच. तीन श्वासांनी खाली. चार वेळा. खुरपं आणि ओटी घेऊन काम करणाऱ्या कंबरेला बैठकीचे बळकट स्नायू फार मोठा आधार देतात आणि ते इथे तयार होतात.

शेवटी गुडघे एकत्र उजवीकडे झोपवा, नजर वर किंवा डावीकडे, खांदे जमिनीला टेकलेले. पाच श्वासांनी बाजू बदला.

शवासन आणि श्वास

शवासन गाळू नका. वेळ कमी असेल तर दोन आसनं कमी करा, पण तीन मिनिटं उताणं पडा. कंबर जमिनीवर टेकत नसेल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी घ्या. पावलं बाहेर सैल, तळवे आकाशाकडे. थंडीत अंगावर चादर. उठताना पुन्हा कुशीवरूनच.

बसून अनुलोम-विलोम करा. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटा आणि डावीने श्वास घ्या. अनामिकेने डावी मिटा, उजवीने सोडा. उजवीनेच घ्या, डावीने सोडा. ही एक फेरी. अशा सहा फेऱ्या, श्वास कुठेही न रोखता. उजवा हात दमला तर डाव्या तळव्याचा आधार कोपराला द्या. सर्दीने नाक चोंदलं असेल तर जबरदस्ती नको, लांब उच्छ्वासाचे दहा श्वास पुन्हा घ्या.

सूर्यनमस्कार का नाहीत, असं मला हमखास विचारतात. सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, पण त्यांत प्रत्येक फेरीत दोनदा खोल पुढे वाकावं लागतं. आखडलेल्या कंबरेला ते पहिल्या दिवशी झेपत नाही. दोन महिने हा अभ्यास झाला आणि उठताना कंबर धरेनाशी झाली की शेवटी दोन-तीन घाला, तेही गुडघे किंचित वाकवून.

वेचणीच्या दिवसांत आठ मिनिटं

दिवाळीपासून पुढे गावात पहाटे कुणालाच वेळ नसतो. डबे, पाणी, जनावरं, आणि सातला टेम्पो दारात. तेव्हा वीस मिनिटांचा आग्रह धरला की लोक सगळंच सोडतात, हे मी पाहिलं आहे. या दिवसांत एवढंच करा : कुशीवरून उठणं, मार्जारासन सहा वेळा, भुजंगासन दोनदा, सेतुबंधासन तीनदा, एक मिनिट पडून राहणं. चहाचं आधण ठेवून हे उरकतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणात झोके घ्यायला सगळ्या माहेरी आल्या की मात्र आमच्या मंडपात पूर्ण वीस मिनिटांचा वर्ग भरतो, आणि लेकी आयांना हात धरून आणतात.

उरलेला अभ्यास शेतात करायचा. वेचणीची पात, म्हणजे ओळ, संपली आणि बांध आला की ओटी मोकळी करा. ती बांधलेली ठेवून मागे झुकायचं नाही, भार पुढे ओढतो. पावलं अंतरावर, तळवे कंबरेमागे, कोपरं मागे, छाती वर, तीन श्वास. मुठी चार वेळा मिटून उघडा. पाणी प्या.

त्या मावशी यंदाही वेचणीला जातात. बांधावर पोचल्या की त्या आधी ओटी सोडतात, हात कंबरेवर ठेवतात, तोंडाने मोजत तीन श्वास घेतात आणि मग पाण्याच्या कॅनकडे वळतात. त्यांच्या मागच्या पातेवरच्या दोघीही तसंच करतात.